निद्रा आणि चाल यांची नोंद : आमच्या दुखण्यातील एक अनुभव

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने यंदाच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आपल्या ज्ञातीत पदवीधर आहेत, वकील आहेत, डॉक्टरही आहेत. आम्ही पडलो मॅट्रिक. हयात प्राथमिक शाळेत बाराखडी आणि पाढे शिकविण्यात गेली. पण चिटणीस म्हणाले, "गुरुजी, विद्वत्तेचे भाषण नको, तुम्ही ज्या दुखण्यातून उठलात त्याची हकीकत सांगा." हकीकत सांगण्यास पदवी लागत नाही. म्हणून उभे राहिलो आहोत. तीत आमची एक चूकही आहे. ती गाळून बोलावयाचे तर न बोललेले बरे, असे ठरवूनच आम्ही घरून निघालो.

दोन वर्षांपूर्वी आमची कंबर दुखू लागली. वाडीत नारळ उचलताना उसण भरली असेल, म्हणून आम्ही लेप लावले, शेक घेतले. चार महिने असे गेले. पुढे जिना चढताना धाप लागू लागली. रक्त तपासले तर त्यातील हिमोग्लोबिन फार उतरलेले, आणि पाठीचा एक मणका चेपलेला. मुंबईस नेले तेव्हा दुखण्याचे नाव कळले : मल्टिपल मायलोमा. हाडांच्या पोकळीत जी मज्जा असते, तीत रक्त तयार होते. त्या मज्जेतील एका जातीच्या पेशी बेसुमार वाढून हाडे पोखरतात आणि चांगल्या रक्तास जागा उरू देत नाहीत, असा हा एक प्रकारचा कर्करोगच आहे. चार-पाच महिने औषधे झाल्यावर डॉक्टरांनी मूलपेशींचे प्रत्यारोपण सुचविले. वय चौसष्ट. घरात रडारड झाली. आम्ही मात्र विचारले, "ही विद्या आपल्याकडे कधीपासून आहे?"

त्याचे उत्तर आपणांसही ठाऊक असावे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रोगी होती नऊ वर्षांची एक मुलगी, आणि मज्जा दिली तिच्या भावाने. डॉ. अडवाणी अमेरिकेत सिएटल येथे डॉ. डोनल टॉमस यांच्याकडे ही विद्या शिकून आले होते. त्या टॉमस यांना पुढे १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. डॉ. अडवाणी यांना बालपणीच पोलिओ झाला होता. त्यांनी सारा व्यवसाय चाकांच्या खुर्चीतून केला. ज्यांना स्वतःला चालता आले नाही, त्यांनी इतरांस अंथरुणातून उठवून चालते केले! आज या विद्येसाठी परळपर्यंतच जावे लागते असेही नाही. टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील संस्था आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे, आणि तेथे हे प्रत्यारोपण होते.

'प्रत्यारोपण' या शब्दाने पुष्कळांची समजूत चुकते. यात चिरफाड नाही. आमच्या प्रकारात तर दाताही दुसरा नव्हता. काही दिवस इंजेक्शने देऊन मज्जेतील मूलपेशी रक्तात उतरवितात. मग एका हातातून रक्त काढून यंत्रातून फिरवितात. यंत्र मूलपेशी वेगळ्या काढते आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातात परत जाते. वाडीत पेरणीपूर्वी बी राखून ठेवावे तसे हे बी राखून ठेवले, की मग मेल्फालान नावाचे जालीम औषध शिरेतून देतात. ते रोगट पेशी मारते आणि चांगल्या मज्जेचेही रान उजाड करते. ते चढत असता तोंडात बर्फाचे खडे धरावयास लावतात. थंडीने तोंडातील रक्तवाहिन्या आकसतात, तेथे औषध कमी पोहोचते आणि तोंड कमी सोलवटते. त्यानंतर राखलेल्या पेशी सलाइनसारख्या परत देतात. त्या दिवसाला 'शून्य दिवस' म्हणतात. तेथून पुढे दिवस मोजावयाचे. आमचा शून्य दिवस कार्तिकात आला.

पुढचे दोन आठवडे कसोटीचे. निरोगी माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशी चार हजारांहून अधिक असतात. आमच्या शंभरापेक्षाही खाली गेल्या. ताप आला, जुलाब झाले, अन्न समोर नकोसे झाले. बाराव्या दिवशी नव्या पेशी रुजल्याची पहिली खूण दिसली. सांगावयास हे सोपे आहे, पण त्या खोलीत काढलेल्या रात्री आम्ही विसरणार नाही. दर चार तासांनी नाडी, ताप आणि रक्तदाब पाहण्यास परिचारिका येत. सलाइनच्या यंत्राची शिटी केव्हाही वाजे. शिरेतून पाणी चालू असल्याने रात्री पाच-सहा वेळा लघवीस उठावे लागे. आधीच्या महिन्यांत जे स्टेरॉइड घेतले होते, त्यानेही झोप उडतेच. कोणाचाच दोष नव्हता; जीव वाचविण्यासाठी हे सारे करावेच लागते. पण पहाटे डोळा लागावा, दिवसभर ग्लानी राहावी आणि रात्री टक्क जागे असावे, अशी आमची स्थिती झाली. दिवसाची रात्र झाली आणि रात्रीचा दिवस.

घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. पहिली, शंभर अंश चारपर्यंत ताप चढला तर रात्रीबेरात्री कळवा, सकाळची वाट पाहू नका. दुसरी, झोप किती होते आणि चालणे किती होते हे रोज लिहून ठेवा. ते म्हणाले, "रक्ताचे आकडे आम्हांस प्रयोगशाळा सांगेल. पण शरीराची घडी बसते आहे की विस्कटते आहे, हे झोप आणि चाल आधी सांगतात." चिरंजीवाने लगेच मनगटावर बांधण्याचे एक घड्याळ आणून दिले. ते पावले मोजते, नाडी मोजते आणि झोपही मोजते.

आता हे घड्याळ झोप कशी मोजते, ते आम्ही समजून घेतले. त्यात हालचाल टिपणारा एक सूक्ष्म भाग असतो. हात हलला तर जाग, बराच वेळ हलला नाही तर झोप, असा त्याचा मुख्य हिशेब. त्याला नाडीच्या गतीची जोड. याच तत्त्वावरची यंत्रे संशोधक पुष्कळ वर्षांपासून रुग्णांच्या मनगटावर बांधीत आले आहेत, आणि त्या शास्त्रास ॲक्टिग्राफी म्हणतात. त्यात एक उणीव आहे. डोळे उघडे ठेवून जो निश्चल पडून राहतो, त्यासही ते झोपलेला समजते. आमच्या वर्गात मागच्या बाकावर डोळे उघडे ठेवून झोपणारी मुले असत. हा प्रकार नेमका उलटा! एका रात्री घड्याळाने सहा तास झोप दाखविली. वास्तविक आम्ही आढ्याकडे पाहत पडलो होतो. पावलांचेही तेच. आम्ही आमच्या कुटुंबास नारळ खवून दिला, तेव्हा जागचे न हलता घड्याळात शंभरावर पावले पडली; आणि दोन्ही हातांनी कठड्याला धरून ओटीवर फेऱ्या घातल्या, त्यांतली निम्मी त्याला दिसलीच नाहीत.

म्हणून आम्ही घड्याळाच्या जोडीस हजेरीपट घेतला. शाळेतला कोरा हजेरीपट घरी पडून होता. त्यात मुलांच्या नावांच्या जागी ओळी पाडल्या : अंथरुणास पाठ केव्हा टेकली, जाग किती वेळा आली, उठलो केव्हा, दिवसा किती निजलो, फेऱ्या किती, ताप किती, आणि शेवटची ओळ 'मन'. तिसरा साक्षीदार आमचे कुटुंब. चाळीस वर्षे शेजारी निजलेल्या माणसास, आपण झोपलो आहोत की झोपेचे सोंग केले आहे, हे श्वासावरून कळते.

या ठिकाणी अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची गोष्ट सांगावीशी वाटते. दरसाल आम्ही मुलांना तिच्या फाटकापर्यंत नेत असू. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून ठेवली जात होती. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर, त्या विजेने नाजूक उपकरणे बिघडतील हे तेव्हाचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी ओळखले, आणि वेधशाळा अलिबागेस आणली. तेथली इमारत बांधताना लोखंड वर्ज्य केले. १९०४ साली काम सुरू झाले. पण त्यांनी कुलाब्याचे काम लगेच बंद केले नाही. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी नोंदी चालू ठेवल्या, जुळवून पाहिल्या, मगच जुने सोडले. मुलांना आम्ही सांगत असू, की उपकरणावर विश्वास ठेवावा, पण दुसऱ्या उपकरणाशी ताडून पाहावा. आमची झोपही मुंबईच्या गलबल्यातून अलिबागेकडे आलेली होती. आम्ही घड्याळ आणि वही ताडून पाहू लागलो.

पहिल्या पंधरवड्यात चाल किती? ओटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ फेऱ्या, त्याही दोन दमांत. वाडीत जाण्याची मनाई होती. ओली माती, कुजलेला पाला आणि सुपारीच्या पडलेल्या झावळ्या यांत बुरशी असते. निरोगी माणसास ती काही करीत नाही, पण नव्याने रुजलेल्या रक्तास ती घातक ठरू शकते. ज्या वाडीत जन्म काढला, ती कठड्यावरून पाहावी लागली. या दुखण्यातला थकवा हा श्रमाचा थकवा नव्हे, हे आपणांस मुद्दाम सांगितले पाहिजे. श्रमाचा थकवा निजल्याने जातो; हा निजल्याने वाढतो. पडून राहिले की स्नायू झिजतात, स्नायू झिजले की थोड्या चालण्यानेही दम लागतो, दम लागला की पुन्हा पडावेसे वाटते. हे चक्र थोड्या-थोड्या चालण्यानेच तुटते. तसेच झोपेचे. मेंदूत दिवस-रात्रीचे एक घड्याळ आहे, आणि त्याला किल्ली देतो तो डोळ्यांत शिरणारा सकाळचा उजेड. म्हणून डॉक्टरांनी नेम घालून दिला : झोप लागो वा न लागो, उठण्याची वेळ एकच, उठल्यावर अंगणात उजेडात बसणे, दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासाची आणि तीनच्या आत, अंथरुणात वर्तमानपत्र नाही. महिनाभरात वहीतील जागेच्या खुणा सहावरून तीनवर आल्या.

आणि आता आमची चूक.

चिरंजीव मुंबईहून रोज संध्याकाळी विचारी, "बाबा, आज किती पावले?" आकडा वाढला की त्याचा आवाज उजळे. एके दिवशी तो वाढला नाही. दुसऱ्या दिवशी उतरला. आम्हांस वाटले, पोराने एवढा खर्च केला, रजा घेतल्या, त्याला काय सांगावे? आम्ही घड्याळ काढून नातवाच्या हातात बांधले आणि त्याला म्हटले, "बाळ, अंगणात पळ." त्या दिवशी आमची चार हजार पावले झाली! आठ दिवस हा प्रकार चालला. वहीतही आम्ही 'निद्रा उत्तम' असे लिहिले. त्याच सुमारास गोळ्यांपैकी एक गोळी, अंगावर काही दिसत नाही तर कशाला, म्हणून आम्ही आपल्या मनाने बंद केली होती. ती नागीण उठू नये म्हणून दिलेली होती, हे आम्हांस सांगितले होते आणि आम्ही विसरलो होतो.

तीन रात्री डाव्या बरगडीखाली आग होत होती. झोप नव्हती. वहीत आम्ही लिहिले : 'सात तास.' चौथ्या दिवशी पाणीदार फोड उठले. तरी आणखी एक दिवस अंगरख्याखाली झाकले. शेवटी आमच्या कुटुंबाने चिरंजीवास स्वतः फोन लावला आणि सारे सांगितले. घड्याळ कोणाच्या हातात होते तेही सांगितले. त्याच दिवशी आम्हांस पुन्हा दाखल केले. शिरेतून औषध द्यावे लागले. फोड सुकले, पण बरगडीखालची आग पुढे कित्येक महिने राहिली, आणि आज आपल्यासमोर उभे असतानाही तिची थोडी धग आहे.

डॉक्टर वही चाळीत होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, तीन रात्री जागून काढल्या हे येथे असते, तर मी पहिल्याच रात्रीनंतर बोलावले असते. हे आकडे मला शाबासकी देण्यासाठी नको आहेत."

बंधूंनो, आमच्या नोकरीत आम्ही एकदाही खोटी हजेरी भरली नाही. तपासणीस येणार म्हणून पटावर गैरहजर मुले हजर दाखविण्याचा आग्रह झाला, तेव्हा आम्ही वाईटपणा घेतला. असा मनुष्य स्वतःच्या देहाची खोटी हजेरी भरतो, हे कशामुळे? आम्ही फार विचार केला. शाळेत आम्ही दुसऱ्याची हजेरी घेत होतो. येथे आमचीच परीक्षा होती. आणि परीक्षेत नापास होण्याची भीती मुलांना किती वाटत असेल, हे आम्हांस चौसष्टाव्या वर्षी कळले. ज्या मुलांनी प्रगतिपुस्तकावर बापाची खोटी सही केली म्हणून आम्ही छड्या मारल्या, त्यांची त्या दिवशी आठवण झाली.

घरी आल्यावर आम्ही चुकीच्या आठ दिवसांवर तांबड्या शाईने रेघ ओढली आणि चिरंजीवास सांगितले, "बाळा, आकडा विचारू नकोस, 'वही लिहिली का' एवढे विचार." त्याने ऐकले. तेव्हापासून आकडा उतरला तरी आमच्या पोटात गोळा येत नाही. आकडा उतरणे हा अपराध नव्हे. ती बातमी आहे.

माघानंतर चाल वाढली. ओटीवरून अंगण, अंगणातून रस्ता, रस्त्यावरून समुद्र. आमच्या मनात एक संकल्प होता : ओहोटीस कुलाब्याच्या किल्ल्यात चालत जावयाचे आणि गणपतीचे दर्शन घ्यावयाचे. कोळीबांधवांचा हिशेब आपणांस ठाऊक आहेच : तिथीस पाऊणपट केले की पूर्ण भरतीची अदमासे वेळ निघते. तृतीयेस सव्वादोनच्या सुमारास भरती. म्हणजे सव्वाआठच्या सुमारास सुकती, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणीही खूप आत हटलेले. डॉक्टरांची परवानगी मिळाली. आम्ही अक्षय्य तृतीया धरली. शून्य दिवसास सहा महिने होत आले होते.

आदल्या रात्री बरगडीने झोपू दिले नाही. वहीत 'तीन तास' लिहिले आणि तरी निघालो. ओल्या वाळूतून निम्मी वाट गेलो. पाय चालत होते, पण छाती भरून आली. किल्ल्याचा दरवाजा समोर दिसत होता. सोबत कुटुंब आणि नातू. नातू म्हणाला, "आजोबा, घड्याळ मला द्या, मी जाऊन येतो." आम्ही सारे हसलो, आणि परत फिरलो. त्या दिवशी वहीत लिहिले : 'अर्ध्या वाटेतून परत. मन : बरे.' पंधरवड्याने, वद्य तृतीयेस, चांगली झोप झाली होती. त्या दिवशी आम्ही पोहोचलो, गणपतीपुढे बसलो, आणि पाणी वळण्याच्या आत परत आलो.

आता दोन मागणी करून आटोपते घेतो.

पहिली तरुणांस. आमचे काम आमच्याच पेशींनी झाले. पण रक्ताच्या कित्येक रोगांत दुसऱ्याच्या मूलपेशी लागतात, आणि त्या जुळाव्या लागतात. सख्ख्या भावंडाशी त्या पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. भावंडांत न जुळल्या तर परक्यांत शोधावे लागते, आणि समान वंशाच्या लोकांत जुळण्याचा संभव अधिक असतो. यासाठी दात्यांच्या नोंदवह्या आहेत. २००९ पासून चालू असलेली 'दात्री' ही त्यांपैकी एक. गालाच्या आतून कापसाचा फाया फिरवून नमुना देतात, सुरुवातीस एवढेच. पुढील संमेलनात हळदीकुंकवाच्या शेजारी असे एक टेबल मांडावे, अशी आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे.

मात्र एक लक्षात ठेवावे. त्या दोन आठवड्यांत आम्हांस जे रक्तबिंब आणि रक्त दिले गेले, त्या पिशव्यांवर गट लिहिलेला होता, ज्ञाती लिहिलेली नव्हती. आम्ही आपल्या ज्ञातीचे आहोत याचा आम्हांस अभिमान आहे. पण आमच्या अंगात आज ज्यांच्यामुळे जीव आहे, ते कोण होते हे आम्हांस कधीच कळणार नाही. तेव्हा रक्त द्याल ते ज्ञातीसाठी म्हणून देऊ नका; ज्ञातीने दिले असे होऊ द्या.

दुसरी मागणी घरोघरच्या मंडळींस. आपल्या घरात कोणी मोठ्या दुखण्यातून उठत असेल, तर त्याला आकड्यासाठी शाबासकी देऊ नका आणि आकड्यासाठी रागावूही नका. तो खरे लिहील एवढी मोकळीक द्या. आणि दुखणाईतांस सांगणे असे, की आपली वही आपण लिहावी, घड्याळ आपल्याच हातात ठेवावे, आणि रात्री झोप लागली नाही तर सकाळी तसे म्हणावे.

आमची वही आम्ही सोबत आणली आहे. तांबड्या रेघेचे पानही तीत आहे. ज्यांस पाहावयाची असेल त्यांनी भोजनोत्तर पाहावी.